परसात काय असतं?

आमच्या घरामागची मोकळी जागा २९ फूट लांब आणि ९ फूट १० इंच रुंद आहे. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल, कारण २०२४ च्या नोव्हेंबरात मी ती जागा पाच वेळा मोजली. चार वेळा ९ फूट १० इंच भरली आणि एकदा १० फूट २ इंच. त्या वेळी टेपचं दुसरं टोक बायकोच्या हातात होतं आणि तिचा कान कुकरच्या शिट्ट्यांकडे होता. मी मात्र वहीत १० फूट २ इंचच लिहिले. खोली बांधायची ठरली की माणूस चार इंचांसाठीसुद्धा खोटं बोलायला तयार होतो.

जागेत त्या वेळी काय काय होतं? दोन एसींची बाहेरची धुडं, नुसता पाहिला तरी पाठीत चमक भरेल असा लोखंडी कुलर, कपडे वाळत घालायच्या चार तारा, काट्यांच्या बाबतीत उदार आणि लिंबांच्या बाबतीत चिक्कू असं एक लिंबाचं झाड, आणि मुलीची दहावीनंतर कोणी हात न लावलेली सायकल. यातलं काहीही हलवायचं म्हटलं की घरातलं कोणी ना कोणी दुखावत होतं. कुलरला तर आम्ही वारसा म्हणतो.

या जागेत मला आत्यासाठी खोली बांधायची होती.

आत्या वाईला राहते. वय ८१. लग्न केलं नाही, ३८ वर्षं शाळेत गणित शिकवलं. गंगापुरीत दोन खोल्यांचं घर, पुढे ओटा, ओट्यावर एक लाकडी खुर्ची. ऑक्टोबरात ती न्हाणीत घसरली. हाड मोडलं नाही, मनगट मुरगळलं, पण शेजारणीनं सुजलेल्या मनगटाचा फोटो माझ्या पुण्याच्या बहिणीला पाठवला आणि तिनं तो भाचरांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. फोटोत मनगट भोपळ्याएवढं दिसत होतं. फोटो फार जवळून काढला होता हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

आम्ही भाचरं चार. पुण्याची बहीण तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. ठाण्याचा चुलतभाऊ तेविसाव्या मजल्यावर, लिफ्ट आहे, पण आत्या लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही. दुसरा चुलतभाऊ कॅलिफोर्नियात. आणि मी नोएडात. माझा गुन्हा एवढाच की माझं घर जमिनीवर आहे. १९९९ साली सगळे फ्लॅट घेत असताना मी १६२ मीटरचा प्लॉट आणि त्यावरचं एकमजली घर घेतलं, तेव्हा हेच तिघं मला वेड्यात काढत होते. आता गटावर बहिणीनं लिहिलं, ‘तुझ्याकडे मागे जागा आहे ना रे?’ त्याखाली पाच मिनिटांत दोन अंगठे उमटले. कुटुंबाचा ठराव मंजूर झाला, सूचक पुणे, अनुमोदक ठाणे आणि कॅलिफोर्निया.

मग ठाण्याच्या भावानं, तो वकील आहे, गटावर सहज म्हणून एक माहिती टाकली. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा जो कायदा आहे, त्यात फक्त पोटची मुलंच येतात असं नाही. ज्याला मूलबाळ नाही अशा वृद्धाची मालमत्ता ज्या नातेवाइकाकडे आहे किंवा पुढे वारशानं जाणार आहे, त्यालाही सांभाळाची जबाबदारी लागू होते. पुढच्या अर्ध्या तासात आमच्या गटावर जे त्यागाचं दर्शन घडलं त्याला तोड नाही. ‘मला आत्याचं काहीही नको हं, आधीच सांगते.’ ‘मलाही.’ ‘सेम हियर.’ बाहेरच्या कोणी वाचलं असतं तर त्याला वाटलं असतं, काय निर्लोभी घराणं आहे!

म्हणजे राहता राहिलो मी आणि माझे ९ फूट १० इंच.

खोली कशी हवी, याबद्दल बायकोच्या कल्पना स्पष्ट होत्या. ती इंदूरची. इंदूरच्या माणसाला पाहुणा आणि पोहे या दोन्ही बाबतींत उपजत ज्ञान असतं. तिनं सांगितलं, ‘‘रात्री आत्यांनी हाक मारली तर ऐकू आली पाहिजे इतकी जवळ, आणि त्यांचा टीव्ही ऐकू येणार नाही इतकी लांब.’’ मी जन्मात इतका नेमका आराखडा ऐकला नव्हता. फक्त हाक ऐकू येते आणि टीव्ही ऐकू येत नाही अशी भिंत कुठल्या विटेची बांधतात ते विचारायचं राहून गेलं.

जपानी लोकांनी म्हणे हे अंतर फार पूर्वीच ठरवून टाकलंय. म्हाताऱ्या आईबापांनी मुलांपासून किती लांब राहावं? तर सूप गार होणार नाही इतक्या अंतरावर. सुनेनं वाटी घेऊन निघावं आणि सासूच्या हातात पडेपर्यंत वाफ निघत असावी. ही कल्पना मला इतकी भावली की एका रविवारी मी आमटीची वाटी घेऊन स्वयंपाकघरातून मागच्या दारानं नियोजित खोलीपर्यंत चालून पाहिलं. बावीस पावलं. पण डिसेंबरातली नोएडाची सकाळ, त्यात जाळीच्या दाराची कडी काढायला एक हात लागतो म्हणून वाटी खाली ठेवावी लागते, ती ठेवताना मांजर येतं. आमटी पोचली तेव्हा तिच्यावर तुपाची साय धरली होती. जपानात बहुधा जाळीचं दार नसावं.

जर्मन शेतकऱ्यांची रीत याहून रोखठोक. पूर्वी तिकडे बाप शेत मुलाच्या नावावर करून द्यायचा आणि आपण म्हातारीला घेऊन आवारातल्या लहान घरात जायचा. पण जाताना कागद करून जायचा. दूध किती, अंडी किती, सरपण किती, शेगडीजवळच्या जागेवर हक्क कोणाचा, सगळं लिहून. मला ही पद्धत फार आवडली. आपल्याकडे हेच सगळं असतं, फक्त लिहिलेलं नसतं, त्यामुळे भांडताना पुरावा सापडत नाही.

आणि आमचा मनू? त्यानं सांगून ठेवलंय की अंगावर सुरकुत्या, डोक्यावर पांढरे केस आणि मांडीवर नातवंड दिसलं की गृहस्थानं अरण्यात जावं. बायकोला मुलांवर सोपवावं नाहीतर बरोबर न्यावं. हे मी आत्याला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘‘माझ्या केसाला त्यात कलमच नाही रे. मी सोपवणारीही नाही आणि सोपवली जाणारीही नाही.’’ शिवाय नोएडा म्हणजे अरण्यच. १९७६ साली, आणीबाणीत, यमुनेच्या काठच्या शेतांवर हे गाव कागदावर वसलं, आणि पुढची वीस वर्षं इथे राहायला जाणाऱ्याला दिल्लीचे नातेवाईक ‘जंगलात गेला’ असंच म्हणत. आम्ही गृहस्थाश्रमातच वानप्रस्थ उरकून घेतला होता.

कॅलिफोर्नियाच्या भावानं मात्र आम्हाला आधुनिक शास्त्र पाठवलं. तिकडे घरामागच्या अंगणात म्हाताऱ्यांसाठी छोटं घर बांधायची टूमच आहे. घरटंचाई इतकी की सरकारनं कायदा केलाय, अशा घराच्या अर्जाचा निकाल साठ दिवसांत लावलाच पाहिजे. त्यानं फोटो पाठवले. पांढरं शुभ्र लाकडी घर, न्हाणीत आधाराच्या दांड्या, उंबरठा नाही, चाकाची खुर्ची फिरेल एवढं रुंद दार. दाराशी गुलाब. मी किंमत विचारली. त्यानं डॉलरमध्ये सांगितली. मी रुपयांत केली आणि फोन खाली ठेवून आमच्या संपूर्ण घराकडे, पुढच्या फाटकापासून मागच्या कुलरपर्यंत, एकदा नवीन नजरेनं पाहिलं. तेवढ्यात बसत होतं.

आमच्याकडे साठ दिवसांचा प्रश्नच नव्हता. परवानगीच नव्हती. प्लॉटच्या नकाशात घराच्या मागेपुढे जी जागा मोकळी सोडायची, तिला सेटबॅक म्हणतात आणि ती मोकळीच ठेवायची असते. शेजारचे पंजाबी अंकल या शब्दावर खो-खो हसले. ‘‘एक कमरा डाल लो जी, पीछे कौन देखता है!’’ त्यांच्याकडे मागे एक, बाजूला एक आणि जिन्याखाली एक असे कमरे पडलेले आहेत. पण मी भित्रा माणूस. आमच्या घरापासून गाडीनं पंधरा मिनिटांवर, सेक्टर ९३-ए मध्ये, कुतुबमिनाराहून उंच असे दोन टॉवर होते. नियम मोडून बांधले म्हणून सर्वोच्च न्यायालयानं पाडायला सांगितले आणि २८ ऑगस्ट २०२२ ला दुपारी अडीच वाजता सुमारे ३,७०० किलो स्फोटकांनी ते नऊ-दहा सेकंदांत जमीनदोस्त झाले. आम्ही सगळे गच्चीवरून बघत होतो. धुळीचा तो ढग ज्यानं पाहिला त्याला सेटबॅकमध्ये साधी तुळस लावतानाही कापरं भरतं. माझ्या खोलीला तर स्फोटकंही लागली नसती, अंकलची एक शिंक पुरली असती.

‘‘मग वर बांधा,’’ अंकल म्हणाले. ‘‘बरसाती डाल लो.’’

मी ही सूचना जशीच्या तशी वाईला कळवली. आत्या बराच वेळ गप्प. मग म्हणाली, ‘‘अरे, मी ८१ वर्षांची बाई, रेनकोटात कशी राहू?’’

बरसाती म्हणजे दिल्लीच्या गच्चीवरची खोली. उन्हाळ्यात लोक गच्चीवर झोपायचे, रात्री पावसाची सर आली की खाट उचलून आत जायला एक आडोसा, ती बरसाती. पुढे घरमालकांना कळलं की या आडोशाचं भाडं येतं, आणि दिल्लीतले निम्मे चित्रकार, कवी, विद्यार्थी आणि नवे पत्रकार तिथे जाऊन राहिले. आपले वासुदेव गायतोंडे १९७२ मध्ये दिल्लीला आले ते निजामुद्दीनच्या अशाच एका बरसातीत राहिले. सामान जवळपास नाही, भेटायला येणारे त्याहून कमी. २०२१ मध्ये त्यांचं एक चित्र लिलावात जवळजवळ ४० कोटींना गेलं. हे मी आत्याला प्रोत्साहन म्हणून सांगितलं. ती म्हणाली, ‘‘चित्र विकलं गेलं तेव्हा ते होते का?’’ नव्हते, २००१ मध्येच गेले. ‘‘मग जिने कोण चढलं?’’ गणिताच्या शिक्षकाशी वाद घालू नये.

जिन्याचं सोडा, उन्हाचं काय? २९ मे २०२४ ला दिल्लीच्या मुंगेशपूरच्या यंत्रानं ५२.९ अंश तापमान दाखवलं आणि देशभर बातमी झाली. मग हवामान खात्यानं तपासून सांगितलं की यंत्र ३ अंश जास्त दाखवत होतं. भाजीवाल्यानं शेवटी दोन रुपये कमी करावेत तसं आम्हाला वाटलं. गच्चीवरच्या टाकीचं पाणी त्या दिवसांत सकाळी सातला असं यायचं की चहाची पत्ती टाकली असती तर चाललं असतं. तिथे बरसाती म्हणजे तंदूर.

शेवटी मध्यममार्ग निघाला. मिस्त्री म्हणाला, पक्कं नका करू, पत्र्याची केबिन ठेवू, ‘टेम्परेरी’. नोएडात टेम्परेरी या शब्दाला मोठी प्रतिष्ठा आहे. काही टेम्परेरी गोष्टी माझ्याआधीपासून आहेत. फक्त खाली विटांचा चौथरा लागेल. मिस्त्री मालद्याचा, हिंदी त्याचीही परकी आणि माझीही, त्यामुळे आमचं जमलं. त्यानं यादी दिली: हजार अव्वल विटा, रोडी, बदरपूर. बदरपूर म्हणजे इथली जाड वाळू. दिल्लीच्या त्या गावचं नावच वाळूला चिकटलं. ‘बदरपूर एक ट्रॉली’ असं वाचून बायकोला वाटलं, मी गाव विकत घेतोय.

विटा आल्या. फाटकातून आत नेताना दोन मजुरांनी दिवसभर घेतला आणि कुलरचा एक पाय वाकवला. आणि दुसऱ्या दिवशी मिस्त्रीचा फोन आला, ‘‘साहब, ग्रैप लग गया.’’

ग्रॅप ही काय चीज आहे ते महाराष्ट्रातल्या वाचकाला समजणं अवघड. हवेचा निर्देशांक चारशेच्या पुढे गेला की दिल्ली आणि आसपासच्या सगळ्या पट्ट्यात ग्रॅपचा तिसरा टप्पा लागतो आणि बांधकामं बंद. विटेवर वीट ठेवली की दंड. आता हे ग्रॅप उठलं की काम सुरू करू, असं मी मिस्त्रीला म्हणालो. मिस्त्रीनं बोटं मोजायला सुरुवात केली. नोव्हेंबर ते जानेवारी ग्रॅपचा भरवसा नाही. फेब्रुवारीत लग्नं, मजूर गावी. मार्चात होळी. एप्रिलात गव्हाची कापणी. मे-जूनमध्ये दुपारी बारा ते चार काम होत नाही आणि बाकीच्या वेळी करावंसं वाटत नाही. जुलै ते सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत पाऊस. ऑक्टोबरात दिवाळी, मग छठ. ‘‘म्हणजे उरलं काय?’’ मी विचारलं. मी पंचांग काढून पाहिलं. अगदी नेमके पंधरा दिवस उरत होते. पितृपक्ष.

या सगळ्यात एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नव्हती; आत्याला अजून कोणी विचारलंच नव्हतं. म्हणजे तिला सगळं सांगत होतो, बरसातीपासून मनूपर्यंत, पण ‘‘येतेस का?’’ असा सरळ प्रश्न नव्हता केला. जानेवारीत तिनंच फोन केला. ‘‘फेब्रुवारीत दिल्लीला साहित्य संमेलन आहे. मी येतेय. तुझी ती खोलीची जागाही बघून टाकू.’’ तिचं कारण साहित्याहून जास्त वाईचं होतं. १९५४ चं दिल्लीचं संमेलन झालं तेव्हा अध्यक्ष तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी होते, म्हणजे वाईचे. तेव्हा आत्या दहा वर्षांची होती आणि गावातल्या मोठ्या माणसांच्या तोंडून ‘आपले शास्त्रीबुवा दिल्लीला’ हे तिनं इतकं ऐकलं होतं की दिल्ली हे वाईकरांनी अधूनमधून जाऊन अध्यक्षपद भूषवून परत यायचं गाव आहे, अशी तिची समजूत झाली असावी.

फक्त एक शंका तिनं विचारून घेतली. ‘‘तुमच्या नोएडात मुख्यमंत्री यायला घाबरायचे ना?’’ खरं आहे. उत्तर प्रदेशचा जो मुख्यमंत्री नोएडात पाऊल टाकील त्याची खुर्ची जाते, असा समज वर्षानुवर्षं होता आणि भलेभले लखनौहूनच फिती कापायचे. आताच्या मुख्यमंत्र्यांनी तो मोडला. ‘‘मोडला ना? मग ठीक. माझी खुर्ची मी वाईलाच ठेवून येते.’’

गोवा एक्सप्रेसनं ती साताऱ्याहून निजामुद्दीनला उतरली. घरी आल्या आल्या चहा व्हायच्या आत मागे गेली. मी वहीसकट तयारच होतो. इथे पलंग, इथे खिडकी, इथे न्हाणी, दांड्या दोन. आत्यानं विटांचा ढीग पाहिला, लिंबाचं झाड पाहिलं, एसीचं पाणी ठिबकून झालेलं शेवाळ पाहिलं आणि विचारलं, ‘‘परसात काय असतं रे?’’

मला प्रश्नाचा रोख कळला नाही.

‘‘आपल्याकडे परसात काय असायचं? आठव. अळू, केळ आणि संडास. मला यातलं नेमकं काय समजलास?’’

बायको आत गेली. तिला हसू आवरत नव्हतं हे तिच्या पाठीवरून कळत होतं.

आत्याचा मुद्दा बिनतोड होता. वाड्यात म्हाताऱ्या माणसाला वेगळी खोली नसायचीच, त्याला एक जागा असायची आणि ती कायम पुढे असायची. ओटी, पडवी, ओसरी, सोप्यातला झोपाळा. कोण आलं, कोण गेलं, पोस्टमननं कोणाला पाकीट दिलं, सून किती वाजता देवळात गेली आणि किती वाजता परतली, ही सगळी नोंद त्या जागेवरून व्हायची. म्हातारपण हा घराचा चेकनाका होता. मागे जायची ती राख, उष्टं-खरकटं आणि गाय.

तरी मी चिवटपणे म्हणालो, ‘‘इथे शांतता आहे.’’

‘‘शांतता मला पुढे भरपूर मिळणारच आहे,’’ आत्या म्हणाली. ‘‘चहा टाक.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची उचलायला लावली आणि फाटकाच्या आत, जिथे माझी गाडी उभी असते तिथे, ठेवून घेतली. गाडी बाहेर गेली. ज्यांना दिल्लीच्या आसपासचं पार्किंग ठाऊक आहे त्यांना हे वाक्य वाचून धसका बसला असेल. इथे लोक जमिनीवरून भांडत नाहीत, गाडीच्या सावलीवरून भांडतात. माझी गाडी अंकलच्या फाटकासमोर दीड फूट सरकली होती. संध्याकाळपर्यंत सोसायटीचे अध्यक्ष, अंकल आणि एक तटस्थ निरीक्षक असे तिघं आले. आत्यानं त्यांना बसायला सांगितलं, आणखी तीन खुर्च्या मागवल्या, चहा आला, आणि तासाभरानं तिघं उठले तेव्हा अध्यक्षांच्या नातवाला अपूर्णांक येत नाहीत हे ठरलं होतं, उद्यापासून पाच वाजता शिकवणी होती, आणि गाडीचा विषय कोणी काढलाच नव्हता. माझी गाडी अजून तिथेच उभी राहते.

आठवड्याभरात फाटकाशी जे काही घडलं ते माझ्या सव्वीस वर्षांत घडलं नव्हतं. कोपऱ्यावर झाडाखाली कोळशाची इस्त्री घेऊन बसणारा माणूस कुठल्या गावचा आहे हे मला पहिल्यांदा कळलं. रखवालदार रात्री जेवतो काय ते कळलं. आणि भाजीवाला. आत्याची हिंदी म्हणजे मराठीच, फक्त जरा मोठ्या आवाजात. त्याच्या गाडीवरची कोथिंबिरीची जुडी तिनं उचलली, देठ मोडून पाहिला आणि म्हणाली, ‘‘भय्या, ये कोथिंबीर जून है.’’

भाजीवाला गोंधळला. ‘‘माताजी, जून तो अभी दूर है. फरवरी चल रहा है.’’

‘‘फरवरी होगा. पर कोथिंबीर जून है.’’

‘‘अम्मा, कल की है, कसम से!’’

मध्यस्थी करायला मी बाहेर आलो तेव्हा तो बिचारा मला विचारत होता की ही कोथिंबीर जूनमध्ये लावलेली आहे असं यांना कोणी सांगितलं.

१७ फेब्रुवारीला पहाटे ५ वाजून ३६ मिनिटांनी भूकंप झाला. रिश्टर ४.०, केंद्र धौला कुआं, म्हणजे दिल्लीच्या अगदी पोटात, त्यामुळे हादऱ्याबरोबर जमिनीखालून ट्रक गेल्यासारखा आवाज. दोन मिनिटांत सगळी गल्ली रस्त्यावर. अंकल माकडटोपी आणि घराच्या कागदपत्रांची फाईल घेऊन, त्यांची सून लॅपटॉप घेऊन, मी काहीच न घेता. आत्या सगळ्यात शेवटी आली, कारण ती केस बांधत होती. मोकळ्या केसांनी रस्त्यावर यायचं? तिची खुर्ची कोणीतरी आपसूक पुढे केली. मग अंधारात शाली गुंडाळून उभ्या असलेल्या त्या पंचवीस-तीस माणसांना तिनं सांगितलं की हा काही भूकंप नाही. भूकंप कोयनेचा होता, ११ डिसेंबर १९६७, अशाच पहाटे. ती तेव्हा तेवीस वर्षांची होती, साडेसहाच्या आसपासचा होता तो. मग साडेसहा आणि चार यांत फरक अडीचचा दिसतो पण तो तसा नसतो, प्रत्येक आकड्याला हलणं दहापट वाढतं, म्हणून अडीच म्हणजे तीनशे पटीहून जास्त, हे तिनं रस्त्याच्या धुळीत काठीनं लिहून समजावलं. पहाटे सहा वाजता नोएडाच्या गल्लीत लॉगॅरिदम. पुढचा हादरा येईल म्हणून कोणी घरात जाईना, त्यामुळे वर्ग भरलेला राहिला. अंकलनी तर शंकाही विचारली.

संमेलनाला आम्ही तालकटोऱ्याला गेलो. अध्यक्षा तारा भवाळकर, सांगलीच्या, म्हणजे आत्याच्या दृष्टीनं पुन्हा कृष्णाकाठच. पंच्याऐंशी वर्षांच्या त्या बाईंकडे बघत आत्या मला कोपरानं ढोसून म्हणाली, ‘‘व्यासपीठ पुढे असतं का मागे?’’ मी म्हणालो, आत्या, आता पुरे.

होळीच्या आधी ती परत गेली. भाचरांचा गट हादरला. बहिणीनं लिहिलं, ‘तू तिला अडवलं नाहीस?’ अडवायला ती खुर्चीवरून उठायला तर हवी. तिनंच ठरवून टाकलं होतं. वाईच्या न्हाणीत खरबरीत फरशी आणि दोन दांड्या बसवायच्या, रात्रीला शेजारच्या सुनेनं सोबतीला झोपायचं, आणि दर फेब्रुवारीला नोएडा. ‘‘हवा धड असते, ग्रॅप उठलेलं असतं आणि मजूर लग्नाला गेलेले असतात, म्हणजे तुला परत बांधायची हुक्की येणार नाही.’’ फरशी-दांड्यांचे सगळे मिळून अकरा हजार झाले, चौघांत वाटून आले. कॅलिफोर्नियानं आपला हिस्सा डॉलरमध्ये पाठवला आणि गटावर त्याचा फोटो टाकला.

विटांचं काय करायचं हा प्रश्न उरला होता, तो तिनं जायच्या आधी सोडवला. एसीचं पाणी जिथे ठिबकतं तिथे साठ विटांचं आळं करवून घेतलं आणि भाजीवाल्याकडून अरबीचे गड्डे घेऊन त्यात टोचले. अरबी म्हणजे अळूच, हे आमच्या घरात सव्वीस वर्षांत कोणाला सुचलं नव्हतं. माळ्यानं ‘अळू’ ऐकून आधी बटाटे आणले होते, ते वेगळंच. उरलेल्या नऊशे चाळीस विटा अंकलनी नेल्या. त्यांच्याकडे आता गच्चीवरही एक कमरा पडतोय.

दर रविवारी वाईहून फोन येतो. ‘‘पानं किती झाली?’’ मी मोजून सांगतो. जुलैत सत्तावीस होती, बायकोनं वड्या केल्या, घसा थोडा खवखवला पण कोणी बोललं नाही. खुर्ची फाटकाशी तशीच आहे. संध्याकाळी कधीतरी मी तिथे बसतो. गाडी बाहेर, मी आत. अध्यक्षांचा नातू येता-जाता ‘‘आज्जी कब आएंगी?’’ विचारतो. परवा भाजीवाला आला. मी कोथिंबिरीची एक जुडी उचलली आणि पैसे काढायला खिशात हात घातला, तर त्यानं माझ्या हातातून ती काढून घेतली आणि गाडीच्या तळातून दुसरी काढून दिली.

‘‘वो मत लो, साहब,’’ तो म्हणाला. ‘‘वो जून है.’’